नव्या लॅपटॉपवर कोरी विंडोज टाकताना: आधी काय जमवायचं, मग काय पुसायचं

प्रश्न असा आहे: नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ होम आधीच भरून आली आहे. सोबत चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस, काही खेळ आणि निर्मात्याची दहा-बारा सॉफ्टवेअर आहेत. सगळं पुसून स्वच्छ विंडोज टाकायची आहे. लायसन्स जाईल का, ड्रायव्हर (वायफाय, टचपॅडसारखे भाग विंडोजला चालवू देणारी सॉफ्टवेअर) कुठून आणायचे, आणि डिस्कवरच्या त्या वेगळ्या रिकव्हरी पार्टिशनचं (डिस्कच्या राखून ठेवलेल्या भागाचं) काय करायचं?

लायसन्स जात नाही. ड्रायव्हर आताच्या चालू विंडोजमधूनच काढून घेता येतात. रिकव्हरी पार्टिशन उडवता येतं, पण त्याची पर्यायी सोय केल्यावरच. प्रत्यक्ष विंडोज बसायला एनव्हीएमई (वेगवान) एसएसडीवर साधारण वीस मिनिटं लागतात आणि त्यात फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुसण्याची घाई केल्यामुळे. जुनी विंडोज चालू आहे तोवर जी गोष्ट पाच मिनिटांत हाती येते, तीच डिस्क कोरी झाल्यावर दुसरा संगणक शोधून मिळवावी लागते. म्हणून या उत्तराचा मोठा भाग तयारीवर आहे.

एक पर्याय आधी तपासा. सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत ‘रीसेट धिस पीसी’ आहे. त्रास फक्त अँटिव्हायरस आणि दोन-तीन सॉफ्टवेअरचा असेल तर ती सरळ अनइन्स्टॉल केलेली पुरतात. रीसेटमध्ये मात्र निर्मात्याने ठेवलेली भर परत येऊ शकते. सी ड्राइव्हवरच्या रिकव्हरी या लपवलेल्या फोल्डरमध्ये तिची पॅकेजेस ठेवलेली असतात आणि रीसेट ती पुन्हा लावू शकतो. पूर्ण कोरी प्रत हवी असेल तर पेनड्राइव्हवरून टाकणं हाच मार्ग.

लायसन्स आणि आवृत्ती

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, आधीच विंडोज भरलेल्या लॅपटॉपची प्रॉडक्ट की फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) असते. फर्मवेअर विंडोजला जे तक्ते (एसीपीआय) पुरवतं, त्यातल्या एमएसडीएम नावाच्या तक्त्यात ती लिहिलेली असते. डिस्क पुसली, अगदी बदलली, तरी ती मदरबोर्डवर राहते. इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो, त्यानुसार आवृत्ती ठरवतो आणि इंटरनेट मिळालं की विंडोज सक्रिय होते. की कागदावर उतरवून घ्यायची गरज नाही, ती दाखवणारी अनोळखी सॉफ्टवेअर तर मुळीच उतरवू नका. पुसण्याआधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग ॲक्टिव्हेशन उघडून आता विंडोज सक्रिय आहे आणि आवृत्ती कोणती आहे एवढं बघा. होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो, ते नोंदवून ठेवा.

सिंगल लँग्वेज आवृत्तीत विंडोजची भाषा नंतर बदलता येत नाही. म्हणून पेनड्राइव्ह बनवतानाच हवी ती भाषा निवडा. मायक्रोसॉफ्टच्या साध्या डाउनलोडमध्ये होम, सिंगल लँग्वेज आणि प्रो या तिन्ही आवृत्त्या एकत्र असतात, वेगळी फाइल शोधावी लागत नाही.

अडचण येते ती होमवरून पैसे भरून प्रो केलेल्यांना. फर्मवेअरमधली की अजून होमचीच असते, त्यामुळे इन्स्टॉलर न विचारता होम टाकतो. ती टाकू द्या. मग ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर चालवा किंवा प्रोची की तिथेच द्या. आधीच हाताळायचं असेल तर पेनड्राइव्हवरच्या सोर्सेस फोल्डरमध्ये ईआय.सीएफजी ही छोटी फाइल ठेवली की आवृत्ती निवडायचा पडदा दिसतो.

ऑफिस सोबत आलं असेल तर त्याची गोष्ट वेगळी. ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडावं लागतं. पुसण्याआधी वर्ड उघडा, साइन इन करा, ऑफिस सक्रिय करा आणि खात्याच्या पानावर ते दिसतंय याची खात्री करा. नंतर तिथूनच उतरवून घेता येतं. एकदाही न उघडता डिस्क पुसली, तर ते तुम्हाला मिळालं होतं हे सिद्ध करण्यात वेळ जातो.

एन्क्रिप्शन: इथे डेटा जातो

मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (कीशिवाय वाचता येऊ नये म्हणून डिस्कला घातलेलं कुलूप) आपोआप सुरू होतं. विंडोज ११ च्या २४एच२ पासून (२०२४ मधल्या मोठ्या अपडेटपासून) अटी सैल झाल्याने आणखी जास्त मशीन त्यात आली. वापरणाऱ्याला बहुधा याचा पत्ताही नसतो. प्रशासक अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून हे द्या (कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या):

मॅनेज-बीडीई -स्टेटस

प्रत्येक ड्राइव्हसमोर तो एन्क्रिप्ट आहे की नाही ते दिसतं. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावरून कागदावर किंवा फोनवर घ्या. सी ड्राइव्ह तसाही पुसायचाच आहे, मग की कशाला, असं वाटेल. दोन कारणं आहेत. बायोसमधली (लॅपटॉपच्या फर्मवेअरमधली) सेटिंग बदलली की टीपीएमला (की सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपला) मशीन बदलल्यासारखं वाटतं आणि जुनी विंडोज उघडतानाच की मागितली जाते. म्हणजे बायोसमध्ये काही बदललं, मग एक फाइल विसरली म्हणून परत आलात, तर दार बंद. दुसरं कारण जास्त महागात पडतं. सी आणि डी असे दोन ड्राइव्ह असतील तर एन्क्रिप्शन डीवरही असतं, आणि डी आपोआप उघडण्याची सोय सीमध्ये साठवलेली असते. ‘माझा डेटा डीवर आहे, मी फक्त सी पुसतो’ म्हणणाऱ्यांना नव्या विंडोजमध्ये डीवर कुलूप दिसतं. की नसेल तर तो डेटा कुणालाही काढता येत नाही.

सोपा उपाय: सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, उलगडण्याचं काम १०० टक्के होऊ द्या, मग पुढे जा. आणि डेटाची प्रत लॅपटॉपबाहेरच्या डिस्कवर असू द्या. त्याच एसएसडीवरचं दुसरं पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हवर वळवलेले असतील तर फाइली खरोखर वर गेल्या आहेत का, हे ब्राउझरमधून बघा.

ड्रायव्हर: चालू विंडोजमधून काढून घ्या

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते आणि हिचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर ‘ड्रायव्हर’ नावाचं रिकामं फोल्डर बनवा. ड्राइव्हचं अक्षर ई असेल तर:

पीएनपीयूटिल /एक्सपोर्ट-ड्रायव्हर * ई:\ड्रायव्हर

विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरव्यतिरिक्त निर्मात्याने घातलेले सगळे ड्रायव्हर या एका कमांडने बाहेर येतात. प्रत्येकाचं वेगळं फोल्डर आणि त्यात आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी). दोन-चार जीबी जागा धरून चला. वायफाय, टचपॅड, साउंड, डिस्कचा कंट्रोलर, सगळं त्यात येतं, आणि ते याच मॉडेलवर चालत असलेलं असतं.

शिवाय निर्मात्याच्या सपोर्ट पानावर सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टाकून निदान तीन गोष्टी उतरवा: वायफाय, चिपसेट आणि इंटेल मशीन असेल तर रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर. मॉडेलच्या नावावरून शोधू नका. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगवेगळी वायफाय कार्डं निघतात.

साउंडबद्दल विशेष सांगतो, कारण ‘कोरी विंडोज टाकल्यावर स्पीकरचा आवाज पातळ झाला’ ही तक्रार नेहमीची आहे. लॅपटॉपचे छोटे स्पीकर बरे वाजतात ते निर्मात्याने त्या मॉडेलसाठी बेतलेल्या फिल्टरमुळे. ते फिल्टर मूळ ड्रायव्हरला जोडलेल्या एक्स्टेंशन आयएनएफमध्ये असतात. इंटरनेटवरून सर्वसाधारण रियलटेक ड्रायव्हर टाकला की आवाज येतो, पण तो जोड नसतो. एक्सपोर्ट केलेल्या फोल्डरात तो असतो. रंगांचंही तसंच: पडदा कारखान्यात कॅलिब्रेट करून आला असेल तर त्याची आयसीसी प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ते सांगणारी फाइल) विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल, ड्रायव्हर्स, कलर या फोल्डरात असते. त्या फोल्डरची प्रत घ्या. ही गोष्ट फोटो आणि छपाईचं काम करणाऱ्यांच्या फार उशिरा लक्षात येते.

बायोस अपडेट करायचा असेल तोही आत्ताच करा, कारण निर्मात्याचं अपडेट सॉफ्टवेअर आत्ता हाताशी आहे. चार्जर लावून ठेवा.

रिकव्हरी पार्टिशनची पर्यायी सोय

डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर एका डिस्कवर चार-पाच पार्टिशन दिसतील: १०० किंवा २६० एमबीचं ईएफआय (लॅपटॉप सुरू करणाऱ्या फाइलींचं), मग सी, साधारण ५०० एमबी ते १ जीबीचं विंडोज रिकव्हरी, आणि बऱ्याचदा १० ते २० जीबी किंवा त्याहून मोठं निर्मात्याचं. १६ एमबीचं आरक्षित पार्टिशन तिथे दिसत नाही, पण असतं. निर्मात्याच्या त्या मोठ्या पार्टिशनमध्ये कारखान्यातून निघालेल्या स्थितीची प्रत असते, नको असलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरसकट.

ते उडवावं असंच माझं मत आहे. ते त्याच एसएसडीवर असतं, म्हणजे एसएसडी गेली की तेही गेलं, आणि तोवर जागा अडवतं. पण आधी निर्मात्याकडून रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवा. डेलचं ओएस रिकव्हरी टूल, एचपीचं क्लाउड रिकव्हरी टूल, लेनोवोचं यूएसबी रिकव्हरी क्रिएटर, सगळी सीरियल नंबरवरून त्या मॉडेलची प्रत उतरवतात. १६ किंवा ३२ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह लागतो. वॉरंटीत लॅपटॉप परत द्यायचा झाला किंवा विकायचा झाला तर हाच कामी येतो.

स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवर मात्र रिकव्हरी पेनड्राइव्ह हाच मुख्य मार्ग धरा. इंटेल-एएमडीसाठी बनवलेला पेनड्राइव्ह तिथे सुरूच होत नाही, आणि निर्मात्याच्या प्रतीत नसलेले ड्रायव्हर दुसरीकडे मिळणं कठीण.

पेनड्राइव्ह बनवणं

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाईल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि त्यालाच पेनड्राइव्ह बनवू द्या. बहुतेकांनी यापलीकडे जाऊ नये. तो पेनड्राइव्ह एफएटी३२ (फाइली साठवायची एक जुनी पद्धत) असतो आणि इंटेल-एएमडीच्या कुठल्याही यूईएफआय (नव्या प्रकारच्या बायोसच्या) लॅपटॉपवर, सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) चालू ठेवून, उघडतो.

आयएसओ (पूर्ण विंडोज भरलेली एकच मोठी फाइल) उतरवून पेनड्राइव्हवर नुसत्या फाइली चिकटवणारे इथे अडतात. आयएसओतली इन्स्टॉल.विम ही फाइल ४ जीबीहून मोठी असते आणि एफएटी३२ वर ४ जीबीची फाइल मावत नाही. पेनड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची नवी साठवण पद्धत) केला तर बऱ्याच फर्मवेअरला तो वाचताच येत नाही. रूफस हे सॉफ्टवेअर त्यावर तोड काढतं: एनटीएफएस पार्टिशनसोबत एक छोटं यूईएफआय पार्टिशन बनवतं. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम (डिस्कचे भाग नोंदवायची पद्धत) जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय ठेवा. सुरक्षेवर जास्त भर असलेल्या काही लॅपटॉपवर बायोसमधलं मायक्रोसॉफ्टचं तृतीय-पक्ष प्रमाणपत्र बंद असतं, तिथे रूफसचा असा पेनड्राइव्ह नाकारला जातो. अशा वेळी सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा मीडिया क्रिएशन टूलकडे परत जा.

पेनड्राइव्ह तयार झाला की वर काढलेलं ड्रायव्हर फोल्डर त्यावरच टाका. जागा कमी पडली तर निदान वायफाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर. एक साधा यूएसबी माउसही हाताशी ठेवा. नव्या लॅपटॉपचे टचपॅड आयटूसी बसवर (मदरबोर्डवरच्या एका खास जोडणीवर) असतात, आणि त्या बसचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसला की पडद्यावरचा बाण हलत नाही.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर मागे जाण्यात अर्थ नाही.

पेनड्राइव्हवरून सुरू करणं

विंडोजचं नेहमीचं ‘शट डाउन’ फास्ट स्टार्टअपमुळे (पुढच्या वेळी लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे) लॅपटॉप पूर्ण बंद करत नाही. म्हणून शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा, मग ‘यूज अ डिव्हाइस’ मधून पेनड्राइव्ह निवडा. तो पर्याय दिसला नाही तर बटणं अशी: डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसवर एस्केप, एमएसआयवर एफ११. एसरवर एफ१२ आहे, पण बऱ्याचदा आधी बायोसमध्ये एफ१२ बूट मेनू चालू करावा लागतो. काही लेनोवोवर बाजूला टाचणीने दाबायचं नोवो बटण असतं.

यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर यूईएफआय लिहिलेली नोंद निवडा. दुसरी निवडली की पुढे डिस्कच्या पडद्यावर ‘ही डिस्क जीपीटी प्रकारची आहे, इथे विंडोज टाकता येत नाही’ असा संदेश येतो, आणि लोक डिस्कलाच दोष देतात. डिस्क ठीक असते, सुरुवात चुकीच्या नोंदीतून झालेली असते.

२४एच२ पासूनच्या इन्स्टॉलरमध्ये सुरुवातीलाच ‘फाइली, ॲप आणि सेटिंग्ज सगळं पुसलं जाईल हे मान्य आहे’ अशी टिक करावी लागते. त्या क्षणी काहीच पुसलं जात नाही, डिस्क निवडायचा पडदा पुढे येतो. प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ निवडा. बहुधा विचारलीच जात नाही.

डिस्क दिसतच नाही तेव्हा

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हा नेहमीचा अडथळा आहे. डिस्कची यादी रिकामी, किंवा तिथे फक्त पेनड्राइव्ह. एसएसडी बिघडलेली नसते. निर्मात्याने बायोसमध्ये व्हीएमडी (एसएसडी हाताळणारा इंटेलचा कंट्रोलर) चालू ठेवलेलं असतं, त्यामुळे एसएसडी त्या कंट्रोलरच्या आड जाते, आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नसतो. एएमडी लॅपटॉपवर हा प्रश्न सहसा येत नाही.

‘लोड ड्रायव्हर’ दाबा, पेनड्राइव्हवरच्या ड्रायव्हर फोल्डरात ‘आयएस्टोरव्हीडी’ या नावाने सुरू होणारं फोल्डर असेल ते दाखवा. दोन-तीन ओळी आल्या तर ज्या ओळीत व्हीएमडी कंट्रोलर लिहिलं आहे ती घ्या. डिस्क लगेच दिसते. ते फोल्डर नसेल तर इंटेलची सेटअपआरएसटी ही फाइल दुसऱ्या संगणकावर उलगडावी लागते. ती नुसती पेनड्राइव्हवर ठेवून चालत नाही, इन्स्टॉलरला आयएनएफ फाइल लागते. कमांड प्रॉम्प्टमधून

सेटअपआरएसटी.ईएक्सई -एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स सी:\आरएसटी

दिलं की फोल्डर तयार होतं.

दुसरा मार्ग बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा. एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपला व्हीएमडीचा फायदा जवळजवळ काही नाही, त्यामुळे कोरी विंडोज टाकताना ते बंद केलं तरी चालतं. फक्त निर्णय टाकण्याआधी घ्या. विंडोज बसल्यावर व्हीएमडी बदललं तर ती सुरूच होत नाही, बूट डिस्क सापडत नसल्याची निळी स्क्रीन येते. सेटिंग पूर्वीसारखी केली की परत सुरू होते.

पुसण्याचा क्षण

या पडद्यावर घाई नको, इथलं ‘डिलीट’ लगेच अमलात येतं. डिस्क ० म्हणजे नेहमी लॅपटॉपचीच डिस्क असेल असं नाही. आकार वाचा: ५१२ जीबीची एसएसडी ४७६ जीबी दिसते, १ टीबीची साधारण ९३१. बाहेरच्या सगळ्या डिस्क काढून ठेवा. लॅपटॉपमध्ये दोन एसएसडी असतील आणि दुसरी काढता येत असेल तर तीही काढा. नाहीतर इन्स्टॉलर बूटची फाइल दुसऱ्या एसएसडीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवू शकतो, आणि पुढे ती एसएसडी बदलली की लॅपटॉप सुरू होत नाही.

मग त्या एका डिस्कवरची सगळी पार्टिशन एकेक करून डिलीट करा, फक्त ‘अनॲलोकेटेड स्पेस’ ही एक ओळ उरेपर्यंत. तीच निवडून सरळ ‘नेक्स्ट’. फॉरमॅट करू नका, स्वतः पार्टिशन बनवू नका. विंडोज ईएफआय, १६ एमबीचं आरक्षित, सी आणि शेवटी रिकव्हरी अशी मांडणी स्वतः करते. नुसता सी फॉरमॅट करून त्यावर टाकलं तरी चालतं, पण निर्मात्याची जुनी पार्टिशन आणि लहान रिकव्हरी तशीच राहते. लहान रिकव्हरीमुळे पुढे अपडेट अडतात. जानेवारी २०२४ मधलं एक अपडेट याच कारणाने अनेकांकडे ०एक्स८००७०६४३ हा त्रुटी क्रमांक दाखवत बसलं होतं.

सी आणि डी असे दोन भाग करावेत का? एकाच एसएसडीवर मला त्यात फायदा दिसत नाही. वेग तोच, आयुष्य तेच, आणि वर्षभरात सी भरतो तेव्हा डी रिकामा असतो. तरी हवेच असतील तर ‘न्यू’ मध्ये एमबीत आकार द्या, २०० जीबीसाठी २०४८००.

‘नवं पार्टिशन बनवता आलं नाही’ असा संदेश आला तर शिफ्ट आणि एफ१० दाबा (काही कीबोर्डवर एफएनही सोबत लागतं), आणि उघडलेल्या खिडकीत क्रमाने: डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क ०, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. आकार पुन्हा बघून मगच क्लीन द्या, त्यात ‘नक्की का’ असं विचारलं जात नाही. फाइली कॉपी होताना ०एक्स८००७०२५डी किंवा ०एक्स८००७०५७० आला तर संशय आधी पेनड्राइव्हवर घ्या. दुसऱ्या पेनड्राइव्हवर नव्याने बनवून, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. तरीही तेच झालं तर रॅम तपासा.

पहिल्या रीस्टार्टला भाषा निवडायचा पडदाच पुन्हा आला तर काही बिघडलेलं नाही. लॅपटॉप पेनड्राइव्हवरूनच परत सुरू झाला आहे. पेनड्राइव्ह काढा आणि पुन्हा सुरू करा.

वायफाय नाही, पुढे जाता येत नाही

होम आवृत्तीला पहिल्या मांडणीत (सेटअपमध्ये) इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच, आणि २२एच२ पासून वैयक्तिक वापरासाठीच्या प्रोलाही. नवं वायफाय कार्ड विंडोज ओळखत नसेल तर इथे लोक अडकतात. नेटवर्क टाळण्याच्या युक्त्या सगळीकडे फिरतात, पण आवृत्तीगणिक त्या बंद होत गेल्या आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका. ड्रायव्हर द्या. नव्या इन्स्टॉलरमध्ये नेटवर्कच्या पडद्यावरच ‘इन्स्टॉल ड्रायव्हर’ बटण असतं, तिथे वायफायचं फोल्डर दाखवा. ते नसेल तर पेनड्राइव्ह लावून शिफ्ट-एफ१० आणि मग

पीएनपीयूटिल /ॲड-ड्रायव्हर डी:\ड्रायव्हर\*.आयएनएफ /सबडिर्स /इन्स्टॉल

पेनड्राइव्हचं अक्षर डी नसेल तर ई, एफ करून बघा. ही कमांड वायफायबरोबर बाकीचे ड्रायव्हरही बसवते, त्यामुळे टचपॅडही जागा होतो. काहीच हाताशी नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोजला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आयफोनला मात्र लागतो.

पहिल्या तासाची कामं

विंडोज अपडेट चालवा, रीस्टार्ट करा, पुन्हा चालवा. असं दोन-तीनदा, ‘अप टू डेट’ येईपर्यंत. मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधले ऑप्शनल अपडेट बघा, ड्रायव्हर तिथे दडलेले असतात. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण असलेली नावं वाचा. ती गूढ वाटतात, पण ठरलेली आहेत. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ म्हणजे इंटेल मॅनेजमेंट इंजिन. ‘एसएम बस कंट्रोलर’ म्हणजे चिपसेट. ‘पीसीआय डेटा ॲक्विझिशन अँड सिग्नल प्रोसेसिंग कंट्रोलर’ म्हणजे इंटेलचं डायनॅमिक ट्यूनिंग, उष्णता आणि वीज सांभाळणारं. ते राहिलं की पंखा उगाच ओरडतो किंवा प्रोसेसर दबून चालतो, म्हणून ते सोडू नका. ‘बेस सिस्टिम डिव्हाइस’ बहुधा कार्ड रीडर. एएमडीवर ‘पीसीआय एन्क्रिप्शन/डिक्रिप्शन कंट्रोलर’ दिसला तर एएमडीचं चिपसेट पॅकेज टाका.

हाताने टाकायचे तर क्रम असा ठेवा: चिपसेट, मॅनेजमेंट इंजिन आणि सीरियल आयओ (टचपॅडच्या आयटूसी बसचा ड्रायव्हर), मग ग्राफिक्स, मग साउंड, शेवटी निर्मात्याचा सिस्टिम इंटरफेस (खास बटणं वगैरे चालवणारा). दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर आधी प्रोसेसरमधलं, मग वेगळं कार्ड.

निर्मात्याचं सगळंच कचरा नसतं. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवणं, पंख्याचे प्रकार, ब्राइटनेस-माइकची खास बटणं ही कामं लेनोवो व्हँटेज किंवा मायअसूससारख्या एका ॲपमधून आणि त्यामागच्या ड्रायव्हरमधून चालतात. तेवढं एक ठेवा. लॅपटॉप दिवसभर चार्जरवर राहत असेल तर बॅटरीची ती मर्यादा खरोखर उपयोगाची आहे.

कोरी विंडोज टाकूनही निर्मात्याच्या ॲपची खिडकी स्वतःहून उघडली तर पेनड्राइव्हवर शंका घेऊ नका. फर्मवेअरमधल्या डब्ल्यूपीबीटी नावाच्या तक्त्यातून निर्माता एक प्रोग्राम विंडोजला सुरू होताना देऊ शकतो, आणि विंडोज तो चालवते. बायोसमध्ये त्या ॲपच्या नावाची सेटिंग असेल तर ती बंद करा. दुसरी वाट विंडोज अपडेटची. ती बंद करायला ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ शोधून निर्मात्याची ॲप आपोआप उतरवायला ‘नो’ म्हणा. ते ड्रायव्हर बसून झाल्यावर करा, आधी नाही.

शेवटी ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. सक्रिय दिसत नसेल तर आधी घड्याळ आणि तारीख बघा, चुकलेल्या तारखेने ते अडतं. आवृत्ती आधी नोंदवलेलीच आहे ना, तेही पडताळा. मग प्रशासक कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी /इन्फो’ देऊन विंडोज रिकव्हरी ‘एनेबल्ड’ आहे का बघा, आणि पुन्हा एकदा मॅनेज-बीडीई -स्टेटस द्या. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं असेल तर एन्क्रिप्शन बहुधा पुन्हा सुरू झालेलं असतं. ते चालू ठेवा, लॅपटॉप हरवला तर डेटा त्याच्यामुळेच दुसऱ्याच्या हाती पडत नाही. पण आता की नवी आहे, आधी लिहून घेतलेले ४८ अंक सी ड्राइव्हला लागणार नाहीत. ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:’ दिल्यावर जो की आयडी दिसतो, तोच मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावरही आहे का ते जुळवा आणि त्याच्यासमोरचे अंक नव्याने उतरवून ठेवा.